सायकल कशाला म्हणायचे?

वाचकहो, या आठवड्यात आम्हाला एक कबुली द्यायची आहे. त्यासाठी आधी फ्रान्स देशातल्या एका सायकलफेरीची हकीकत सांगावी लागेल. आमच्या कबुलीचा आणि फ्रान्सचा संबंध काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तो शेवटी उलगडेल. तोवर थोडा धीर धरावा, ही विनंती.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा घरपोच सामान पोहोचवण्याच्या कामावर आहे. आठवडाभर मोटारसायकल आणि सुट्टीच्या दिवशी सायकल, असा त्याचा क्रम. गेल्या थंडीत त्याने दोनशे किलोमीटरची फेरी साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी केली. दुसऱ्या दिवशी त्याची आई आमच्याकडे तक्रार घेऊन आली. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा याला. सहा दिवस राबतो आणि सातव्या दिवशी पाय मोडून घेतो. कुणी पैसे देतंय का याचे?"

संध्याकाळी आम्ही त्याला बोलावून घेतले. तो आला, "जयभीम काका" म्हणून खाटेच्या कडेला टेकला आणि चार शब्द ऐकून घेण्याऐवजी त्याने मोबाईलच आमच्यापुढे धरला. त्यात एक फोटो होता. रस्त्यावर एक माणूस सायकल चालवतो आहे, पण कसा? आरामखुर्चीत रेलावे तशी पाठ मागे टेकलेली, पाय पुढे लांब केलेले आणि पॅडल पुढच्या चाकाच्याही वर. आमच्या तोंडून निघून गेले, "अरे, ही काय खाटेवरची सायकल! उठायचा कंटाळा आला म्हणून झोपूनच निघाला की काय हा?"

घरातले सगळे हसले. मुलगा मात्र हसला नाही. म्हणाला, "काका, तो माणूस बाराशे किलोमीटर जाऊन आलाय. नव्वद तासांच्या आत. तुम्ही आधी वाचा, मग हसा."

पोराने आमचा कान बरोबर धरला होता. आम्ही वाचायला घेतले. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवत आहोत.

बाराशे किलोमीटरचा हिशेब

या फेरीचे नाव पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. पॅरिसच्या परिसरातून निघायचे, पश्चिमेला अटलांटिक महासागराच्या बाजूला ब्रेस्ट नावाचे बंदर आहे तिथपर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. १८९१ साली पिएर गिफार या पत्रकाराने आपल्या वृत्तपत्रातर्फे ही शर्यत प्रथम भरवली. जगप्रसिद्ध टूर द फ्रान्स सुरू झाली १९०३ साली, म्हणजे ही तिच्याही बारा वर्षे आधीची. सायकल हे श्रीमंतांच्या पोरांचे खेळणे नाही, तिच्यावर माणूस दूरचा पल्ला गाठू शकतो, हे लोकांना दाखवून द्यायचे होते. दोनशेहून अधिक लोक निघाले. त्यांत तीनचाकी सायकलवाले होते, दोघांनी मिळून चालवायच्या सायकली होत्या आणि पुढचे चाक भले मोठे असलेली जुन्या घडणीची एक सायकलही होती. शार्ल तेराँ हा सुमारे ७१ तासांत परत येऊन पहिला आला.

पुढे ही शर्यत साधारणपणे दर दहा वर्षांनी होत राहिली. धंदेवाईक सायकलपटूंची शेवटची शर्यत १९५१ साली झाली. मात्र १९३१ पासून हौशी लोकांसाठी तिच्याबरोबर जी फेरी सुरू झाली होती ती टिकली, वाढली. १९०४ साली स्थापन झालेली ऑडॅक्स क्लब पॅरिसियन ही संस्था ती भरवते. आता ती दर चार वर्षांनी ऑगस्ट महिन्यात होते. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वेळी रांबुये या गावातून सहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष निघाले. यानंतरची फेरी २०२७ साली आहे.

इथे पहिला, दुसरा, तिसरा असा मान नाही. बाराशे किलोमीटर आणि जास्तीत जास्त नव्वद तास, एवढेच बंधन. मुदतीत परतलेल्या प्रत्येकाला सारखेच पदक. ज्यांना अधिक वेगाने जायचे आहे त्यांच्यासाठी ८४ आणि ८० तासांच्या मुदतीही आहेत, पण बहुतेकांची निवड नव्वदचीच.

आम्ही कारकून माणूस, त्यात बी.कॉम. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बाराशेला नव्वदने भागले तर ताशी साडेतेरालाही थोडे कमी पडते. प्रथम वाटले, हे तर आपला दूधवालाही करील. मग लक्षात आले की घड्याळ थांबत नाही. जेवण, झोप, पंक्चर, शौचाला जाणे, पाऊस पडला म्हणून झाडाखाली उभे राहणे, सगळे त्या नव्वदातच. समजा एखाद्याने रस्त्यावर ताशी वीसचा वेग राखला, तर साठ तास नुसते पॅडल मारण्यात गेले. उरले तीस. पावणेचार दिवसांत तीस तास! त्यातून खाणे-पिणे वजा केल्यावर झोपेला काय उरणार? बरेच जण दिवसाकाठी दोन-तीन तासांवर भागवतात. कुणी चौकीवरच्या जेवणाच्या टेबलावर डोके ठेवून, कुणी रस्त्याकडेच्या गवतात चकाकणारी चांदीसारखी पन्नी अंगावर ओढून झोपतो. आणि रस्ता सपाट नाही. घाटासारखा मोठा चढ नसला तरी एक टेकडी उतरली की दुसरी पुढे उभी. सगळ्या चढांची बेरीज अकरा हजार मीटरांच्या पुढे जाते.

नियमही कडक आहेत. मागून मदतीची गाडी चालवता येत नाही. कुणाची मदत घ्यायची तर ती नेमून दिलेल्या चौकीवरच. प्रत्येक चौकीवर पुस्तिकेत शिक्का घ्यायचा आणि तोही दिलेल्या वेळेच्या आत. रात्री पुढे-मागे दिवे आणि अंगात चमकणारे जाकीट हवेच. शिवाय उठला आणि गेला, असे चालत नाही. त्याच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या पुऱ्या कराव्या लागतात. त्यांच्या मुदती अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ आणि ४० तास. या चारांची बेरीज पंधराशे किलोमीटर होते. म्हणजे पंधराशे चालवल्यावर बाराशेचे दार उघडते. शेजारच्या मुलाने केली ती त्यातली पहिली पायरी. अशा फेऱ्या आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर अशा अनेक शहरांतून नियमाने होतात आणि २०१९ व २०२३ साली शेकडो भारतीय फ्रान्सला जाऊन आले.

पाठ टेकली म्हणून चढ सपाट होत नाही

आता त्या खाटेवरच्या सायकलीकडे वळू. इंग्रजीत तिला रिकम्बंट म्हणतात. आपण टेकून चालवायची सायकल म्हणू. आपल्या नेहमीच्या सायकलीवर अंगाचा भार तीन ठिकाणी पडतो. बूड सीटवर, तळवे हँडलवर, पाय पॅडलवर. चार-पाच तासांनी मनगटे बधिर होतात, मान आखडते, बुडाला फोड येतात. लांबच्या शर्यतीत काहींच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरताच येत नाही. १९८३ साली अमेरिका आरपार करण्याच्या शर्यतीत मायकेल शर्मर या सायकलपटूचे असे झाले. तेव्हापासून या दुखण्याला त्याचेच नाव पडले आहे.

टेकून चालवायच्या सायकलीत हा भार पाठ आणि बूड मिळून उचलतात. हात मोकळे, मनगटांवर वजन नाही, नजर सरळ पुढे. म्हणून पाठीच्या, मानेच्या, मनगटाच्या दुखण्यामुळे ज्यांची साधी सायकल सुटली असे काहीजण हिच्याकडे वळतात. पण सगळेच दुखणेकरी असतात असे मात्र समजू नये. कित्येकांना ओढ असते ती वेगाची.

वेगाचे गणित वाऱ्याचे आहे. सपाट रस्त्यावर जोराने जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. ताठ बसलेला माणूस वाऱ्यापुढे भिंतीसारखा उभा असतो. पाठ टेकून पाय पुढे केलेला माणूस वाऱ्याला कमी अंग दाखवतो, म्हणून तेवढ्याच कष्टात तो अधिक वेगाने जातो. उतारावर तर तो पुढच्यांना बघता बघता मागे टाकतो.

मग फायदाच फायदा, असे म्हणाल तर तसे नाही. चढ लागला की सगळी वजाबाकी सुरू होते. साध्या सायकलवर आपण चढाला काय करतो? सीटवरून उठतो आणि अंगाचा सगळा भार पॅडलवर देतो. टेकून बसलेल्याला उठताच येत नाही. जे काही ओढायचे ते बसल्या जागी दोन पायांनी. त्यात या सायकली बहुधा वजनाला जड. चेन साध्या सायकलीच्या दुपटी-अडीचपटीची, ती मधल्या लहान चाकांवरून फिरवलेली. तुटली तर काळोखात दुरुस्त करणे हे डोकेदुखीचे काम. वेग फार कमी झाला की तोल सांभाळणे कठीण. चढावर एकदा थांबले की पुन्हा निघणे त्याहून कठीण. पाय वर असल्यामुळे काहींची बोटे सुन्न पडतात, तळवे जळजळतात. अंग जमिनीजवळ असल्याने मोटारवाल्याला दिसावे म्हणून मागे उंच काठीवर झेंडा लावावा लागतो. आणि तिसऱ्या रात्री पाठ टेकलेली आहे, पाय लयीत फिरताहेत, तेव्हा डुलकी लागू न देणे ही एक वेगळीच लढाई.

म्हणून टेकून चालवणारा शहाणा स्वार टेकडीचा हिशेब उतारावरच करतो. ब्रेक न लावता उतरायचे, त्या वेगावर पुढचा चढ अर्धा मारून न्यायचा आणि उरलेला अर्धा हलक्या गिअरमध्ये सोशिकपणे काढायचा. शेजारून साध्या सायकलवाले उभे राहून पुढे जातात. त्यांना जाऊ द्यायचे. ते पुढच्या उतारावर भेटतातच.

बाराशे किलोमीटर हेच चालू असते. रांबुयेहून टेकून चालवणाऱ्यांची आणि दोघांच्या सायकलींची तुकडी वेगळी सोडतात. मग मोर्तान, व्हिलेन, फूजेर, टिन्टेनियाक, लुदेआक, कारे अशी एकेक चौकी मागे पडते. ब्रेस्टच्या अलीकडे रॉक त्रेव्हेझेल नावाची टेकडी येते. उंची चारशे मीटरच्या आतच, पण पाचशेहून अधिक किलोमीटर झालेल्या पायांना ती डोंगरासारखी लागते. ती उतरली की खाडीवरचा पूल आणि पलीकडे ब्रेस्ट. तिथे शिक्का घेऊन माणूस खाली बसतो आणि त्याच्या ध्यानात येते की फक्त अर्धे झाले आहे. ज्या टेकड्या आपण आलो त्याच आता उलट्या बाजूने चढायच्या आहेत. २००७ साली तर पाऊस जवळजवळ पाठच सोडत नव्हता आणि पुष्कळांना मधूनच माघार घ्यावी लागली.

या सगळ्यात टेकून चालवणाऱ्याला एक मिनिटाचीही सवलत नाही. त्याचे वजन जड आहे म्हणून अंतर कमी नाही आणि तो उतारावर वेगाने जातो म्हणून मुदतही कमी नाही. माणसाच्या स्वतःच्या बळावर चालते ना, मग ये. हा या फेरीचा न्याय आहे आणि आम्हाला तो फार मोलाचा वाटला. का, ते पुढच्या हकीकतीवरून कळेल.

जिंकला आणि बाहेर गेला

पॅरिसजवळ शार्ल मोशे नावाचे एक गृहस्थ गाड्या बनवत. त्यांच्या मुलाला सायकल हवी होती आणि पत्नीला सायकलीची धास्ती वाटत होती. म्हणून त्यांनी मुलासाठी पॅडलवर चालणारी चार चाकांची गाडी बनवली. ती इतकी पळू लागली की मग मोठ्या माणसांसाठी दोघांनी बसून चालवायची गाडी तयार झाली. तिचे नाव व्हेलोकार. मोटार परवडत नव्हती अशा घरांत ती गेली. पुढे मोशे यांनी तिचे जणू दोन भाग केले आणि त्यातून दोन चाकांची, टेकून चालवायची सायकल निघाली.

ती शर्यतीत चालवायला फ्रान्सिस फोर हा सायकलपटू तयार झाला. फोर हा पहिल्या फळीतला नव्हता. त्याला त्या विचित्र सायकलवर बघून बाकीचे हसले, असे सांगतात. जसे आम्ही हसलो तसेच. मग फोर त्यांना मागे टाकून जाऊ लागला आणि हसू मावळले.

त्या काळी सायकलीतला सर्वांत मानाचा विक्रम म्हणजे एका तासात किती अंतर कापले हा. ऑस्कर एग याने १९१४ साली ४४.२४७ किलोमीटर कापले होते आणि एकोणीस वर्षांत तो आकडा कुणाला ओलांडता आला नव्हता. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फोरने एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापले. दुसऱ्या फळीतल्या माणसाने महारथींचा विक्रम मोडला होता.

मग काय झाले? आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेपुढे प्रश्न आला की ही सायकल आहे की नाही? वाद झाला, बाजू मांडणारेही होते. पण १९३४ साली संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच नव्याने लिहिली. पॅडलचा आस जमिनीपासून किती उंच असावा, सीट त्याच्या मागे जास्तीत जास्त किती असावी, अशी मापे ठरवली गेली. त्या मापांत मोशे यांची सायकल बसत नव्हती. फोरचा आकडा मुख्य विक्रमांच्या यादीतून बाजूला काढला गेला. १९३३ च्याच ऑगस्टमध्ये मॉरिस रिशार याने साध्या सायकलवर ४४.७७७ किलोमीटर कापले होते आणि अधिकृत विक्रम म्हणून ते धरले गेले. वाचकांनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा पाहावेत. कमी आकडा वर राहिला.

संघटनेच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. शर्यतीत दोन माणसांची तुलना करायची तर साधने सारखी हवीत, हे म्हणणे खोटे नाही. पण टेकून चालवणाऱ्यांच्या शर्यती वेगळ्या, तेवढ्याच मानाने भरवता आल्या असत्या. तसे झाले नाही. शर्यतीत जागा नाही म्हटल्यावर कारखानदारांना रस राहिला नाही, दुकानात ती दिसेना, दिसेना म्हणून कुणी मागेना. फोरने १९३९ साली सायकलीवर कवच चढवून तासात पन्नास किलोमीटरचा टप्पाही ओलांडला, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या काही मंडळींनी माणसाच्या बळावर चालणाऱ्या कोणत्याही वाहनासाठी खुल्या शर्यती सुरू केल्या, तेव्हा ही सायकल पुन्हा रस्त्यावर आली. २०१६ साली अमेरिकेच्या नेवाडा राज्यात कॅनडाच्या टॉड रायकर्टने पूर्ण कवच असलेल्या अशा सायकलवर ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला. इंजिन नाही, फक्त दोन पाय. तरीही अधिकृत रस्ता-शर्यतींत ती आजही बसत नाही. एका ओळीच्या व्याख्येने एवढी वर्षे काम केले.

म्हणून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे महत्त्व आम्हाला वाटते. त्याच फ्रान्स देशात, त्याच रस्त्यांवर, मापपट्टी घेऊन सीट मोजत न बसता एक संस्था सांगते की अंतर हे, मुदत ही, तुझे वाहन तुझ्या बळावर चालू दे.

रस्त्याकाठची माणसे

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही फेरी जिथून जाते ती गावे लहान आहेत. चौक्या बहुतेक शाळांत असतात. स्वयंपाक, नोंदणी, झोपायच्या गाद्या, ठरल्या वेळी उठवणे, ही कामे गावातले लोक करतात. व्हिलेन या गावात तर शाळकरी मुले थकलेल्या सायकलस्वारांच्या जेवणाची ताटे उचलून टेबलापर्यंत नेऊन देतात. रस्त्यावर रात्री दोन वाजता कुणी म्हातारी आपल्या दारात टेबल मांडून कॉफी आणि पाणी घेऊन बसलेली असते. ला तानिएर नावाच्या खेड्यात एक कुटुंब वर्षानुवर्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांना कॉफी आणि तव्यावरचे पातळ गोड धिरडे देत आले आहे. पैसे घेत नाही. आपल्या गावी पोहोचल्यावर एक पोस्टकार्ड पाठवा, एवढेच मागणे. जगभरातून आलेली ती कार्डे त्यांनी लावून ठेवली आहेत.

टेकून चालवणारा आला तर ही माणसे त्याला हसत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. पोरे बोट दाखवून हसत असतीलही. पण त्याच्या हातात कॉफीचा पेला तेवढाच भरलेला जातो.

आमची कबुली

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहिले, ती.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या मंडळाने बारा किलोमीटरची सायकल रॅली काढली. मंडळाचे पत्रव्यवहाराचे काम आमच्याकडे असते, तेव्हा नियमांचा कागद आम्हीच लिहिला. पहिली ओळ आमच्या हातची होती : ‘रॅलीत फक्त दोन चाकी सायकलींना प्रवेश राहील.’ हे का लिहिले? कुणी मोटारसायकल घेऊन येऊ नये म्हणून. याहून दुसरा विचार मनात नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

रॅलीच्या सकाळी वस्तीतले एक गृहस्थ हाताने चालवायची तीनचाकी घेऊन आले. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. रोज त्याच तीनचाकीवरून ते बाजारात जातात, घड्याळे आणि मोबाईल दुरुस्तीचे दुकान लावतात, रात्री परत येतात. त्या दिवशी त्यांनी टायरांत हवा भरून घेतली होती, चेनीला तेल दिले होते. आमच्या टेबलापुढे येऊन त्यांनी नंबर मागितला. आमच्यातल्या एकाने कागदावरची पहिली ओळ दाखवली. ते गप्प राहिले. आम्हालाही वाईट वाटले, म्हणून आम्ही म्हणालो, "दादा, तुम्ही स्टेजवर बसा. शेवटी तुमचा सत्कार करू, शाल देऊ."

ते म्हणाले, "सत्कार कशाचा भाऊ? मी अजून केलंय काय? मला नंबर द्या."

आम्ही नंबर दिला नाही. नियम म्हणजे नियम, असे काहीतरी पुटपुटलो. त्यांनी तीनचाकी वळवली आणि ते गेले. रॅली झेंडे फडकवत निघाली. रात्री आम्ही अहवालात लिहिले, ‘सर्व थरांतील नागरिकांनी उत्स्फूर्तपणे भाग घेतला.’

वाचकहो, व्याख्या लिहिणारे कुणी दूरचे, मोठे, वाईट लोकच असतात असा आमचा समज होता. १९३४ सालच्या संघटनेची गोष्ट वाचताना आम्हाला राग येत होता आणि वाचता वाचताच ही आमची ओळ आठवली. पेन आमच्याच खिशातले होते. तो सत्कार, ती शाल, ते स्टेज ही बाहेर ठेवण्याचीच रीत होती, फक्त गोड शब्दांतली. ज्याला नंबर हवा आहे त्याला शाल देऊन भागत नाही, हे आम्हाला इतरांपेक्षा आधी कळायला हवे होते.

मागच्या रविवारी आम्ही त्यांच्या दुकानावर गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलू पाहिला. आम्ही बदलू दिला नाही. विचारले, "दादा, बारा किलोमीटरला तुम्हाला किती वेळ लागेल?" त्यांनी हातातले घड्याळ खाली ठेवले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "रस्ता धड असला तर दीड तास. पुलाचा चढ आहे ना, तिथे वेळ जातो. पण ढकलायला कुणी यायचं नाही हां."

परवाच्या बैठकीत आम्ही नवा कागद मांडला. पहिली ओळ अशी : ‘माणसाच्या स्वतःच्या बळावर चालणारे कोणतेही वाहन चालेल. अंतर सर्वांना बारा किलोमीटर, मुदत सर्वांना दोन तास. पहिला-दुसरा क्रमांक नाही, मुदतीत येणाऱ्या प्रत्येकाला सारखे प्रमाणपत्र.’ एका सभासदाने विचारले, "मग चुरस कशी राहणार?" शेजारचा मुलगा मागे उभा होता. तो म्हणाला, "चुरस घड्याळाशी." ओळ मंजूर झाली. तीनचाकीला धक्का लागू नये म्हणून तिला पाच मिनिटे आधी सोडावे, तिचे घड्याळ मात्र तेव्हापासूनच धरावे, असेही ठरले.

शेजारच्या वहिनींचा प्रश्न राहिला, कुणी पैसे देतंय का याचे? नाही देत, वहिनी. उलट खर्च आहे. फ्रान्सला जाऊन यायचे तर लाखांचा मामला आहे आणि तुमच्या मुलाला तो आज झेपणारा नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तो सध्या तीनशे किलोमीटरची तयारी करतो आहे, वीस तासांची. त्याला अडवू नका. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि चमकणारे जाकीट आहे का एवढे मात्र दर वेळी बघा. आदल्या रात्री त्याला लवकर झोपू द्या.

आणि कधी रस्त्यावर पाठ टेकून, पाय पुढे करून कुणी सायकलवाला गेलाच, तर पोरांनो, जरूर बघा, हवे तर प्रश्न विचारा. आम्ही हसलो होतो तसे हसू नका.

आमची रॅली पुढच्या महिन्यात आहे. पहिला नंबर आम्ही लिहून बाजूला ठेवला आहे. दादा तो घ्यायला आले, तर त्या दिवशीची हकीकत याच जागी सांगू.